गल्लीतले अकरा नंबर

शहराची माहिती-पुस्तिका दर पाच वर्षांनी निघायची. पुढच्या पानांत शहराचा इतिहास, दवाखाने, शाळा, गाड्यांच्या वेळा. मागे गल्लीवार फोन नंबर. एकेक नंबर फिरवून माणूस आणि पत्ता तोच आहे ना, हे बघायचं काम चाळणीबाईंकडे. हे नाव कचेरीने ठेवलेलं, कारण चुकीचा नंबर त्यांच्या हातून कधी सुटला नव्हता. बाई वरवर रागवायच्या, मनातून सुखावायच्या.

एका मंगळवारी त्या शिंपी गल्लीपाशी आल्या. तिथे अकरा नंबर होते. अकराही पहिल्याच घंटेला उचलले गेले. कुणी वैतागलं नाही, कुणी घाईत नव्हतं. सगळ्यांनी नाव-पत्ता दोनदोनदा, सावकाश सांगितला. जणू वाटच बघत होते.

नकाशात मात्र ही गल्ली सापडेना. बाईंनी जुन्या आवृत्त्या काढल्या. पंधरा वर्षांपूर्वी या गल्लीत चाळीस नंबर होते. मग सव्वीस. मग अकरा.

त्यांनी यादीतल्या पहिल्या शिंप्याला पुन्हा फोन लावला आणि बाकीची घरं कुठे गेली, असं विचारलं.

"तुमच्या पुस्तकातून गेली, तशी इथूनही गेली," म्हातारा म्हणाला. "ताई, या वेळी तरी आम्हाला राहू द्या."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाई स्वतःच निघाल्या. पोस्टाच्या मागून, सायकल दुरुस्तीचं दुकान सोडलं की डावीकडे, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तिथे एका गोदामाची भिंत होती. ऊन पडलेली, पोपडे आलेली, सलग भिंत. सायकलवाला म्हणाला, तीस वर्षं इथे बसतोय, भिंतच आहे.

बाईंनी मोबाईलवरून नंबर लावला.

"पोचलात वाटतं," शिंपी म्हणाला. मागे शिलाई मशीन चालू होतं. "जरा बाजूला होता का? आमच्या दारातच उभ्या आहात. सुनेला बाहेर पडायचंय."

बाई नकळत बाजूला सरकल्या. त्यांच्या पदराला हलका धक्का लागला. समोर भिंत तशीच होती.

"झालं," शिंपी म्हणाला.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. कुणीतरी थट्टा करतंय, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. जागेवर नसलेला पत्ता त्यांनी जाणूनबुजून आजवर छापू दिला नव्हता. शुक्रवारी त्या भागाची पानं छपाईला जायच्या आधी त्यांनी लाल पेन उचललं. चौथ्या ओळीपाशी हात अडला. तरी त्यांनी अकराही ओळी खोडल्या.

सोमवारी राहवेना म्हणून त्यांनी शिंप्याचा नंबर फिरवला. घंटा नाही, खरखर नाही. कानाला लाकडाचा तुकडा लावल्यासारखं वाटलं.

फोनवरची तपासणी संपली की उरलेल्या भागांच्या पाहणीला कचेरीचा एक माणूस जायचा. बुधवारी दुपारी त्याचा फोन आला.

"बाई, यादीतली एक गल्ली जागेवर नाही. नुसती भिंत आहे. खोडू ना?"

त्याने गल्लीचं नाव वाचलं. बाई सकाळी त्याच गल्लीतून कामावर आल्या होत्या. दार लोटताना आईला औषधाची आठवण करून दिली होती.

"थांबा," त्या कशाबशा म्हणाल्या, आणि घरचा नंबर लावला.

आईने पहिल्याच घंटेला उचलला.

"बरं झालं फोन केलास. दारात एक माणूस मघापासून उभा आहे. आत या म्हटलं, पाणी हवं का विचारलं. त्याला ऐकूच जात नाही."

"काय करतोय तो?"

"माझ्याकडेच बघतोय. पण माणसाकडे बघतात तसं नाही गं. आत्ता त्याने खिशातून पेन काढलं."