प्लास्टरचा डोंगर

"ह्याला डोंगर म्हनायचा का शेनाचा ढीग?" असं ओरडत भरतनं चाकाच्या खुर्चीतूनच काठी उगारली आणि वृषालीनं आठवडाभर खपून उभा केलेला खेळण्यातल्या आगगाडीच्या बोगद्याचा डोंगर एका फटक्यात फोडून टाकला... प्लास्टरची ढेकळं ओसरीभर उडाली, आतली लोखंडी जाळी उघडी पडली आणि रुळांच्या कडेचं पुठ्ठ्याचं इवलंसं स्टेशन चेपून गेलं!

वृषालीनं पदर खोचला आणि खाली बसून ती तुकडे वेचू लागली.

"दुसरा करते, भावजी. उतार जरा चुकलाच व्हता."

"दुसरा करशील! माझं पाय दुसरं करशील का?"

रोजचाच बाण, पण रोज नव्यानं रुतायचा...

भरत, तिचा धाकटा दीर, भोसरीच्या कारखान्यात फिटर होता. मोटारसायकलच्या अपघातानं त्याची कमरेखालची सारी शक्ती हिरावून नेली आणि डोक्याला बसलेल्या मारानं त्या संध्याकाळची आठवणही पुसून टाकली. त्याला एवढंच सांगितलं गेलं, की डिंभ्याला माहेरी गेलेल्या वहिनीनं 'आत्ताच्या आत्ता न्यायला या' असा निरोप धाडला, म्हणून दोघे भाऊ घाईनं निघाले होते. सांगणारा थोरला भाऊ गोरख, वृषालीचा नवरा.

पण असा निरोप तिनं धाडलाच नव्हता! गोरख दारू पिऊन गाडी चालवत होता. दवाखान्याच्या जिन्यात त्यानं तिचे पाय धरले होते... "भरतला कळलं तर तो माझं तोंड बघनार न्हाई, वृषाली. मग त्याला उचलायचं कुनी? सांभाळायचं कुनी? तू तुझ्यावर घे!"

आणि तिनं घेतलं.

पुढं कारखान्यातल्या मित्रांनी भरतला विजेवर चालणारी छोटी आगगाडी आणून दिली. त्यांच्या ज्या डिंगोरे गावात खऱ्या गाडीची शिट्टी कधी ऐकू आली नाही, तिथं ओसरीवरच्या रुंद फळीवर रूळ पसरले. रूळ, तारा भरत जोडायचा. फळीच्या मध्यावर मात्र त्याचा हात पोचत नसे, म्हणून डोंगर, झाडं, घरं वृषालीकडं. हिरव्या रंगात बुडवलेल्या भुशाचं गवत, वाळल्या तुऱ्यांची झाडं, काड्यापेट्यांची घरं... जाळीच्या तारांनी तिची बोटं फाटायची, ओल्या प्लास्टरनं जखमा चरचरायच्या. पण बोगद्यातून गाडी बाहेर पडताना भरतच्या चेहऱ्यावर क्षणभर जे हसू उमटे, त्या हसण्यावर ती माउली दिवसामागून दिवस ढकलत होती!

त्या दुपारी ढाबेवाला भागू ती गाडी बघायला आला. फुटका डोंगर बघून तो हळहळला, मग सहज बोलून गेला, "भरतभाऊ, त्या दिशी गोरखभाऊनं तुमचं ऐकलं असतं तर! लई हात जोडलं तुमी, 'दादा, लई झालीय, गाडी मला चालवू दे' म्हनून..."

"भागूभाऊ, च्या घ्या!" वृषाली किंचाळलीच.

"थांब, वैनी." भरत भागूकडं वळला. "भागू, आमी डिंभ्याला निघालो व्हतो ना? वैनीला आनायला?"

"न्हाई वो! माझ्या ढाब्यावरनं सरळ घराकडं निघाला व्हता तुमी."

भागू गेला. भरतनं वृषालीचे हात ओढून घेतले. चिरलेली बोटं, भेगांत वाळलेलं पांढरं प्लास्टर! त्या हातांवर कपाळ टेकून तो हमसाहमशी रडू लागला.

"का गं, वैनी? मी रोज तुला जाळत व्हतो, आन तू... तू एक शबूद बोलली न्हाईस!"

"तुमच्या दादांना काय बोलू नका, भावजी. माझ्या गळ्याची आन हाय!"

पण गोरख दारात उभाच होता. त्यानं तिचे शेवटचे शब्द तेवढे ऐकले होते. लाजेनं तो तिथंच खचला असता, तर किती बरं झालं असतं! पण त्याची लाज रागाचं सोंग घेऊन आली. "सांगितलंस ना शेवटी?" म्हणत त्यानं तिच्या थोबाडीत मारली.

"दादा! तिच्यावर हात टाकतोस? नीघ हितनं!"

"निघतो की! ह्या घरात ही तरी ऱ्हाईल, न्हाईतर मी तरी ऱ्हाईन. मग बघू तुला कोन उचलतंय ते!"

वृषालीनं भरतच्या निर्जीव पायांकडं पाहिलं... त्याला अंघोळीला उचलून नेण्याचं बळ तिच्या हातांत नव्हतं. शेत तिच्या एकटीच्यानं ओढवणारं नव्हतं. जे मोडू नये म्हणून तिनं इतकी वर्षं विष गिळलं, ते आज तिच्याच पायी मोडणार होतं! तिनं पिशवीत दोन लुगडी भरली. देवाला हात जोडले.

"जाते मी. दोघं संग जेवा."

रस्त्यावर जुन्नरची एस.टी. येऊन थांबली होती. ती चढली तोच मागून आक्रोश ऐकू आला, "वैनी! वैनी गं!"

भरतनं खुर्चीतून स्वतःला खाली टाकलं होतं. कोपरांवर सरपटत, धुळीत तोंड माखून तो अंगणात आला होता... गोरख धावला. त्यानं भावाला लहान पोरासारखं उचललं. भरत त्याच्या छातीवर बुक्क्या मारत राहिला, मारता मारता हात गळाले आणि त्यानं त्याच खांद्यावर डोकं टाकलं.

वृषाली खिडकीची दांडी घट्ट धरून बघत होती. गोरखनं मान वर केली. दोघांची नजर भिडली. एक हाक... नुसतं 'ये' म्हणाला असता, तरी ती उडी टाकून उतरली असती!

गोरखनं मान खाली घातली आणि भरतला घेऊन तो आत गेला.

"बाई, कुठलं तिकीट देऊ?" कंडक्टरनं दुसऱ्यांदा विचारलं.

"जुन्नर," ती म्हणाली. "एकच."