कुंडातून आलेला प्रश्न

विश्वास ठेवा किंवा नका ठेवू, पण हे घडलंय. माझ्या मावसबहिणीच्या, विनीताच्या बाबतीत.

आणि रात्री नाही. भर दुपारी.

फेब्रुवारी २००७. अमेरिकेत, व्हर्जिनियात.

विनीता तिथे जुन्या दगडी वस्तूंच्या जतनावर पीएचडी करत होती. नवरा अतुल अ‍ॅशबर्नला नोकरीला. तिला सातवा महिना होता. मुलगी आहे, हे दोघांना कळलं होतं.

दोन तासांवरच्या एका गावातल्या चर्चमधून युनिव्हर्सिटीत फोन आला. इंग्लंडमधल्या एका खेड्यातलं चर्च बंद पडलं, तेव्हा तिथलं बाप्तिस्म्याचं दगडी कुंड या चर्चवाल्यांनी इकडे आणलं होतं. तान्ह्या बाळाला त्यातल्या पाण्यात बुडवून नाव देत, ते कुंड. आठशे वर्षांपूर्वीचं. आणल्यापासून त्याला ओल येत होती. कुठून, ते कळेना.

"अगं, या अवस्थेत एकटी ड्राइव्ह नको करूस. कॅन्सल कर ना," अतुल म्हणाला.

"तासाभराचं काम आहे रे. अंधार पडायच्या आत घरी येते."

चर्चची देखभाल मार्था नावाच्या बाई करायच्या. सत्तरीच्या असतील. दार उघडलं आणि विनीताचं पोट बघून त्या थबकल्या.

"तुम्ही येणार हे माहीत असतं तर दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणाले असते."

"का?"

"काही नाही. लवकर आटपा."

एवढं बोलून त्या बाहेर पायऱ्यांवरचा बर्फ काढायला गेल्या.

कुंड कमरेएवढं उंच होतं. आत शिशाचा पत्रा. विनीताने लाकडी झाकण सरकवलं.

कोरडं.

ओल मोजायचं यंत्र तिने दगडाला चार ठिकाणी लावलं. ठणठणीत कोरडा. तिने वहीत तसं लिहिलं.

तेवढ्यात...

टप्.

तिने आत बघितलं. काही नाही. वर छत बघितलं. तेही कोरडं.

टप्...

आणि मग तिच्या लक्षात आलं. सकाळपासून पोटात लाथा मारणारं बाळ थांबलं होतं.

झोपलं असेल, असं म्हणून ती पुन्हा लिहायला लागली. मागून एका बाईने हळूच विचारलं,

"नाव काय ठेवणार?"

"नीलांबरी," विनीता लिहिता लिहिताच म्हणाली.

हे नाव तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. अतुललाही नाही.

पेन हातातच राहिलं...

प्रश्न मराठीत आला होता.

ती वळली. मागे कुणी नव्हतं. खिडकीतून मार्थाबाई दिसत होत्या, फावड्याने बर्फ ओढताना.

तिने कुंडात बघितलं.

काठोकाठ पाणी.

तिने पोटावर हात दाबला. हलवून बघितलं. हाक मारली. आत काहीच नाही. पोट दगडासारखं जड झालं होतं.

दुसरी कुणी पळाली असती. विनीताने बाही न सरकवता हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. का, ते तिला आजही सांगता येत नाही.

पाणी कोमट होतं.

आणि तळाशी कुणीतरी तिचं बोट धरलं...

चिमुकली मूठ. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची असते तशी. ओढत नव्हती. नुसती धरून होती.

विनीता रडायला लागली. "नाव हवंय का तुला? घे. नीलांबरी तुझं नाव. तुलाच दिलं. पण माझी पोर सोड."

किती वेळ गेला, ठाऊक नाही.

मूठ सुटली.

त्याच क्षणी पोटात एवढ्या जोरात लाथ बसली की ती खालीच बसली.

उठून बघितलं तर कुंड कोरडं. तिची बाही मात्र निथळत होती.

मार्थाबाई आत आल्या. त्यांनी बाहीकडे बघितलं. विनीताचा कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि तिला गाडीपर्यंत हात धरून नेलं.

"पुन्हा येऊ नका," एवढंच म्हणाल्या.

एप्रिलमध्ये मुलगी झाली. सुखरूप. घरी आणल्यावर अतुल म्हणाला, "नीलांबरी कसं वाटतं? आजच सुचलं, यार."

"नाही!" विनीता एवढ्या जोरात ओरडली की बाळ दचकून उठलं. मुलीचं नाव अनन्या ठेवलं. अतुलला कारण कधीच कळलं नाही.

मला तिने हे सगळं एकदाच सांगितलं. मी म्हटलं, "बिचारं एखादं बिननावाचं बाळ असेल गं. तू नाव दिलंस, सुटलं ते."



"मलाही तसंच वाटायचं," ती म्हणाली. "पण मूठ बाळाची होती... आवाज बाळाचा नव्हता. आवाज मोठ्या बाईचा होता. ते बाळ तिने कुठून आणलं होतं?"