हललेला हात

लिफ्टच्या खड्ड्यातून धाकट्याला वर काढला, त्याच्या दुसऱ्या दिवशी फौजदारानं त्याच्या बहिणीपुढं कागद सरकवला.

"अपघात, बाई. सही करा, बॉडी घेऊन जा."

ताई पेन उचलेना. वीस वर्षं एक्स-रे काढण्यात गेलेली बाई. हाड मोडलंय की नाही हे कुणाच्या सांगण्यावरून ठरत नसतं, हे तिला पक्कं ठाऊक. भाऊ पडला की पाडला, हे कळल्याशिवाय ती सही करणार नव्हती.

समोर ढापण्या बसलेला. धाकट्याचा जिगरी दोस्त. चष्मा इतक्यांदा पुसला की काच झिजायचीच बाकी होती. दोघांना खूळ एकच: बंद पडलेली इस्पितळं, ओस कारखाने शोधायचे, आत शिरून फोटो काढायचे. लोक लग्नाला जातात, हे पडक्या शवागाराला. भिंत केवढी ते कळावं म्हणून आळीपाळीनं एकमेकांच्या फोटोत उभे राहायचे.

"पुन्हा सांग," ताई म्हणाली.

"किती वेळा, ताई? सकाळी दहाला त्या बंद इस्पितळात शिरलो. तो तिसऱ्या मजल्यावर, मी पार मागं बॉयलरच्या खोलीत. चार वाजले तरी पत्ता नाही, म्हणून वर गेलो. लिफ्टचं दार उघडं, खाली हा. हाका मारल्या, हूं नाही की चूं नाही. वरूनच एक फोटो काढला, उद्या कुणी म्हणायला नको मी हात लावला. मग पोलिसांना फोन."

फोटो टेबलावर होता. पठ्ठ्यानं चांगला मोठा करून आणला होता.

"खड्ड्यातल्या अंधारात एवढा स्पष्ट?"

"ट्रायपॉड लावून तीस सेकंद कॅमेरा उघडा ठेवायचा."

"मग तुझा कॅमेरा हलला वाटतं."

"माझा?" ढापण्या ताठ झाला. "वीट न वीट मोजून घ्या, ताई. माझा कॅमेरा हलत नाही!"

"मग ह्याचा उजवा हात धुरासारखा का दिसतोय?"

ढापण्यानं चष्मा काढून पुन्हा पुसला.

"पेशंट हलला की माझ्या फिल्मवर हाड असंच पुसट येतं," ताई म्हणाली. "म्हणून आम्ही श्वास रोखायला लावतो. मेलेला पेशंट हलत नाही रे."

"उंदीर असेल..."

"उंदीर माणसाचा हात धरून टाटा करतो होय?"

फौजदारानं ढापण्याची बॅग ओढली. कॅमेरा काढला. फोटो सरकू लागले, खाली वेळ दिसत होती. ताई बघत गेली, बोलत गेली. आवाज तिचा नव्हताच जणू.

"बॉयलरपाशी हा ढापण्या नव्हताच, साहेब. हे बघा, अकरा वाजून पाच. धाकटा लिफ्टच्या उघड्या दाराकडं पाठ करून उभा. कॅमेरावाला सांगेल तेवढं मागं सरकायचं, मान वळवायची नाही, ही ह्यांची रीत. पुढच्यात एक पाऊल मागं. त्याच्या पुढच्यात टाचा काठावर, आणि हसतोय माझा भाऊ. त्यानंतर दार रिकामं."

फौजदारानं पुढचे फोटो सरकवले.

"अकरा वीसला हात हलतोय. बाराला हलतोय. एकला हलतोय. दोनला थांबला. आणि फोन कधी? चारला!"

"का रे?" फौजदार गरजला.

"जागा मी शोधायच्या," ढापण्या पुटपुटला, "आणि प्रदर्शनात फोटो त्याचे. माझे सगळे परत आले."

ताईनं दोन वाजताचा फोटो त्याच्या नाकासमोर धरला.

"ह्यात हात गप आहे. हा आणला असतास तर मी सही करून गेले असते. तो हात हललेला का आणलास?"

ढापण्यानं चष्मा नीट केला. पहिल्यांदाच खरं बोलल्यासारखा बोलला.

"दोनला ऊन सरकून उजेड मेला होता, ताई. बाराचा तोच चांगला आला होता."