हुपरीकर नियमाचा संदर्भ

मूळछाप तपासल्याच्या प्रमाणपत्राशिवाय कोणतेही नियतकालिक आता शोधनिबंध स्वीकारत नसे. म्हणून प्राध्यापक त्र्यंबक हुपरीकर ऐंशीव्या वर्षी, डोक्यावर तारांची जाळी चढवून, डॉ. नसीमा बागवान यांच्या प्रयोगशाळेत बसले होते.

"दुखणार नाही ना गं?"

"तोंडी परीक्षेत तुम्ही मला रडवलंत, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही नाही, सर."

नसीमा त्यांची जुनी विद्यार्थिनी. वनस्पतिशास्त्र सोडून ती मेंदूविज्ञानाकडे वळली होती. हुपरीकरांनी तिचा पहिला प्रबंध एका पृष्ठक्रमांकासाठी परत पाठवला होता. समासात लाल शाईने 'संदर्भ कुठे?' असे लिहायची त्यांची सवय सगळ्या विद्यापीठात प्रसिद्ध होती.

"हे यंत्र करतं तरी काय?" त्यांनी विचारले.

"आपण काही ऐकतो, तेव्हा मेंदू दोन नोंदी ठेवतो. काय ऐकलं ही एक, आणि कुणाकडून, कुठे ही दुसरी. दुसरी लवकर पुसट होते. मग वर्षांनी ती गोष्ट आपल्यालाच सुचली असं वाटतं. पण पुसट होते म्हणजे नाहीशी होत नाही. ती पुसट नोंद म्हणजे मूळछाप. यंत्र ती वाचतं, आणि स्रोत तोंडी असेल तर तेव्हाचं बोलणंही."

पडद्यावर निबंधातले एकेक वाक्य येऊ लागले आणि त्यापुढे ग्रंथ, पृष्ठ, वाचल्याचे वर्ष. हुपरीकरांनी दिलेले सगळे पृष्ठक्रमांक जुळत होते. ते लहान मुलासारखे खूश झाले.

एकसष्टावे वाक्य आले. 'बारवेच्या दगडावरचे दगडफूल ती कधी बांधली हे सांगत नाही, लोकांनी ती कधी सोडली हे सांगते.' जुन्या पायऱ्यांच्या विहिरींचा अभ्यास करणारे यालाच हुपरीकर नियम म्हणत. त्यांच्या नावावर खरे तर एवढेच होते.

"याला संदर्भ नाही," ते संकोचून म्हणाले. "हे माझं आहे."

यंत्र थोडा वेळ थांबले. मग अक्षरे उमटली: मंदाकिनी हुपरीकर. मौखिक. सोनवडीची बारव, एकोणपन्नास वर्षांपूर्वी.

खाली संभाषण होते.

मंदाकिनी : अहो, दोर घासलाय तिथे दगडफूल नाहीच. माणसं पाण्याला यायची थांबली, की मगच ते धरत असेल.

त्र्यंबक : तुला मसाल्याच्या डब्यापलीकडे काय कळतं? आकडे लिही.

हुपरीकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरे तीच होती. मंदाकिनीबाईंना जाऊन सहा वर्षे झाली होती. हा नियम मांडणाऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नीचे आभार मानले होते, आकडे सुवाच्य अक्षरांत उतरवल्याबद्दल.

"सर, ही चोरी नाही," नसीमा हळूच म्हणाली. "मेंदू असाच घडलाय. सगळ्यांचाच."

"निबंध मागे घेतला तर?"

"हा उतारा पुसला जाईल. कुणाला कळणार नाही. नियम तुमच्याच नावावर राहील."

"आणि दिला तर तिचं नाव लागेल?"

"लागेल. पण मौखिक संदर्भाला सगळं संभाषण परिशिष्टात जोडावं लागतं. एक शब्दही गाळता येत नाही." ती घुटमळली. "मागे घ्या, सर. या वयात कशाला?"

"मी तुला एक पृष्ठक्रमांक सोडला नव्हता, बाई." त्यांनी पडद्यावरच्या शेवटच्या ओळीकडे बोट दाखवले. "त्यावर ती काय म्हणाली?"

नसीमाने उतारा खाली सरकवला. पुढे कोरे होते.

"नोंद नाही. त्या गप्प राहिल्या असतील, किंवा बोलल्या असतील आणि तुम्ही ऐकलं नसेल. यंत्राला दोन्ही सारखंच दिसतं."

हुपरीकरांनी संमतिपत्रावर सही केली. यंत्राने नियमाप्रमाणे परिशिष्टही तपासले आणि प्रमाणपत्र छापून दिले. निबंधाच्या सगळ्या दोनशे बारा वाक्यांपुढे दुसऱ्या कुणाची तरी नावे होती. त्यांनी कागद उलटला. अगदी शेवटी, परिशिष्टात, एका ओळीपुढे हिरवी खूण होती.

'तुला मसाल्याच्या डब्यापलीकडे काय कळतं? आकडे लिही.' मूळ स्रोत : लेखक स्वतः.