शालनच्या नावाची जागा

भुताचं नाव निघालं की मी पोरीला पदराखाली घेते. त्या रात्रीही घेतली. पण आबांच्या आवाजात भीती नव्हती, संताप होता. आबा म्हणजे माझे चुलत सासरे.

"जानू माझा दोस्त. लोणावळ्याच्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. त्याच्या तोंडून ऐकलंय," म्हणाले.

सन सहासष्ट, माघी अमावास्या. संध्याकाळी कान्हे गावचा विठ्ठल लग्नपत्रिका छापायला आला. लग्न दुसरेपणाचं. पहिली बायको, शालन, विहिरीत गेलेली. पाय घसरला, असं तो सांगायचा.

"पाय घसरला म्हणं! रोज त्याच विहिरीवर पाणी भरनारी बाई!" आबांनी तंबाखू थुंकली.

विठ्ठल जानूला म्हणाला, "नवी जुळणी कशाला? पहिल्या लग्नाची दोरीनं बांधून ठेवलीय न्हवं? शालनचं नाव उपसा, नव्या नवरीचं, वडिवळ्याच्या हिरीचं घाला. सकाळी नेतो."

"लाज न्हाई वाटली त्याला?" माझा दीर येसू म्हणाला.

"लाज? हसत हुता हरामखोर!"

रात्री जानू एकटाच कामाला बसला. हिरीचं नाव लहान, म्हणून उरल्या जागेत कोरे खिळे घातले. कोरा खिळा बुटका असतो. त्याला शाई लागत नाही, तो कागदावर उमटत नाही. तांबडी शाई लावून पहिला कागद काढला. हिरीच्या नावाशेजारी चौकोनी डाग.

काळा.

जानूनं घासलेटनं रोलर पुसला. खिळा ठोकून खाली बसवला. डाग. खिळा बदलला. डाग. सगळी ओळ मोडून पुन्हा जुळवली. डाग, तिथंच. शेवटी खिळेच नकोत म्हणून त्या जागी कागदाची घडी कोंबली. यंत्रावर पाय मारला. कागद काढला...

आबा थांबले.

"डाग...?" मी विचारलं.

"व्हय."

जानू भ्याला नाही. चिडला. "शालनबाई," मोठ्यानं म्हणाला, "तुझा पाय घसरला न्हवता ना?"

यंत्र आपोआप मिटलं. उघडलं. मधे कागद नव्हता, खाली जानूचा पाय नव्हता. जणू 'व्हय' म्हणालं...

जानूनं डागाचा कागद खिशात घातला. सायकल काढली. अंधारातच वडिवळं गाव गाठून हिरीच्या बापाला उठवलं.

"भाऊ, पोर द्यायची तर द्या. पण ही जागा बघून द्या. हितं शालनचं नाव हुतं."

बाप आधी अंगावर आला. मग कंदील जवळ घेऊन कागद बघत बसला. आतून हिरीच बोलली, "मी न्हाई जायची त्या घरी."

सकाळी विठ्ठल छापखान्यात येऊन ओरडला, "माझं लगीन मोडतोस? बघतो तुला!"

"बघ. आदी हितनं चालता हो."

विठ्ठल पाठ फिरवून तरातरा निघाला. जानू जागीच थिजला.

पांढऱ्या सदऱ्यावर... दोन खांद्यांच्या मधोमध... ढकलताना हात पडतो तिथं...

काळा पंजा. ओला.

लहानसा. बाईचा.