सातव्या दरवाजाची नोंद

गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, दुपारी चार ते पाचच्या दरम्यान, एका ध्वनिमुद्रण कक्षात पुढील घटना घडली. माझ्याखेरीज तिला दोन साक्षीदार आहेत. पुराव्यावाचून विधान करणे हा माझा स्वभाव नाही. ही गोष्ट खोटी ठरली असती, तर सर्वांत अधिक समाधान मलाच झाले असते.

मी इतिहासाचा अभ्यासक. एका मध्ययुगीन राजधानीचा कारभार आणि तेथील लोकजीवन यांवर मी एकवीस वर्षे काम केले. त्यावरचा माझा ग्रंथ मी त्या दिवशी स्वतःच्या आवाजात वाचत होतो. काचेपलीकडे ध्वनिमुद्रक होता. त्याच्या शेजारी माझी पत्नी, छापील प्रत आणि पेन्सिल घेऊन. माझा शब्द चुकला की खूण करायची, हे तिचे काम.

"आज तरी तुमची चूक सापडू दे," ती म्हणाली होती. "तीस वर्षं वाट बघतेय."

पाचवे प्रकरण सुरू झाले. त्या राजधानीला बारा दरवाजे होते. रोज सूर्यास्ताला मुख्य अधिकारी एकेका दरवाजाचा पुकारा करी, द्वारपाल उत्तर देई आणि लेखनिक ते उतरवून घेई. अशा एका संध्याकाळची नोंद मी ग्रंथात दिली आहे.

"पहिला दरवाजा. बंद."

टक.

बारीक आवाज. लाकडावर काच टेकवल्यासारखा...

"सर, टेबलावर काही आपटू नका," ध्वनिमुद्रक म्हणाला.

"माझे दोन्ही हात मांडीवर आहेत."

त्याने काचेतून पाहिले. हात मांडीवरच होते.

"दुसरा दरवाजा. बंद."

टक.

तो आवाज मी ओळखला.

दप्तरखान्यात जुनी लिपी वाचणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना भिंगवाल्या बाई म्हणत. एक ओळ वाचून झाली, तिच्याविषयी खात्री पटली, की त्या भिंग टेबलावर ठेवत आणि मगच ती ओळ उतरवत. ही नोंद त्यांनीच मला वाचून दिली होती.

त्यांच्या नकलेत सातव्या दरवाजापुढे नुसते 'बंद' नव्हते. त्या संध्याकाळी त्या दरवाजाआतल्या रंगाऱ्यांच्या वस्तीला आग लागली होती. ती धान्यकोठारापर्यंत पोहोचू नये म्हणून अधिकाऱ्याने दरवाजा लावून माणसांसकट वस्ती कोंडली, असे ती ओळ सांगत होती. माझा ग्रंथ सांगत होता की, त्या राजवटीत प्रजेचे म्हणणे ऐकल्याखेरीज हुकूमच निघत नसे.

मी ओळ गाळली. 'पूर्वीचे वाचन सदोष' अशी तळटीप दिली. दप्तरखान्याला तसे पत्रही लिहिले.

"साहेब, तुमचा सिद्धान्त माझ्याहून हुशार असेल," बाई मला म्हणाल्या होत्या. "पण अक्षरं त्याचं ऐकत नाहीत."

त्यांचे वाचनाचे काम काढून घेण्यात आले. उरलेली चार वर्षे त्यांनी फडताळे पुसली. मूळ पान पुढे वाळवीने खाल्ले. बाईही गेल्या.

खरे काय ते आता मी एकटाच जाणत होतो.

तिसरा. टक. चौथा. टक. पाचवा... सहावा...

"सातवा दरवाजा. बंद."

शांतता.

मी थांबलो. वाट पाहिली...

आवाज आला नाही.

आठव्यापासून तो पुन्हा सुरू झाला आणि बाराव्यापर्यंत एकदाही चुकला नाही.

"ऐकून बघू," ध्वनिमुद्रक म्हणाला. "टकटक काढता आली तर काढतो."

त्याने मला बाहेर बोलावले. तिघांनी मिळून ऐकले. सहाव्या दरवाजापर्यंत सारे यथास्थित होते.

मग माझाच आवाज आला. स्वच्छ, सावकाश...

"सातवा दरवाजा. आत माणसे आहेत. तरी बंद."

आणि त्यामागोमाग...

टक.

"हे मी वाचलेलं नाही," मी म्हणालो.

"आवाज तुमचाच आहे, सर. मध्ये जोडही नाही." त्याने तो तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. नंतर यंत्र बंद केले.

पत्नीने पान उलटले, परत मागे आणले, ओळीवरून पेन्सिल फिरवली.

"हे पुस्तकात नाही," ती म्हणाली. "मग तुम्हाला पाठ कसं?"

या प्रश्नावर मी कोणताही युक्तिवाद करू शकलो असतो. आयुष्यभर तेच केले आहे. त्या दिवशी मी तिच्या हातातल्या पानावरच्या तळटिपेवर बोट ठेवले: 'पूर्वीचे वाचन सदोष'.

त्या आवाजाचा उलगडा मला आजवर झालेला नाही. अजूनही वाचताना प्रत्येक ओळीच्या शेवटी मी नकळत थांबतो... कान देतो. निकाल मात्र मला त्या कक्षातच मिळाला.

पत्नीने पेन्सिल खाली ठेवली.

"घरी येऊन तुम्ही सांगितलं होतंत, बाईंना आता दिसत नाही म्हणून."

"हो."

"त्यांना दिसत होतं," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही दिसलं होतं."