शहाण्णव नंबरचं झाड

धामापूरच्या तळ्यापासून खाली उतरलं की डाव्या हाताला पुष्करची काजूची रोपवाटिका लागते. त्या पावसाळ्यात त्याने गावात माणशी एक कलम वाटलं आणि प्रत्येक कलमाला पत्र्याचा नंबर बांधला. नोंदी ठेवायचा प्रोग्राम लिहायला घेतला त्याच्या बायकोने, संचिताने. पुण्यात सहा वर्षं तिने हेच काम केलं होतं.

काम साधं होतं. माणूस आणि झाड असे दोन क्लास, म्हणजे नोंदींचे दोन साचे. माणसापाशी त्याचं झाड, झाडापाशी त्याचा माणूस. डेटाबेसमध्ये मात्र दुवा एकाच बाजूला, माणसांच्या टेबलात झाडाचा नंबर. त्या रकान्याला तिने दोन अटी घातल्या: तो रिकामा राहणार नाही, आणि एकच नंबर दोघांना मिळणार नाही.

जुलैतल्या एका दुपारी ती सासऱ्यांची नोंद करायला बसली. सगळं गाव त्यांना दाजी म्हणायचं. त्यांनी आपलं कलम, नंबर शहाण्णव, विहिरीजवळ स्वतःच्या हाताने लावलं होतं. प्रोग्रामने नोंद नाकारली. शहाण्णव आधीच कुणाला तरी दिलेला होता.

तिने ती ओळ शोधून काढली. नाव नव्हतं. घर नंबर त्यांचाच होता. जन्मतारीख होती पुढच्या वर्षाची, चौदा मार्च.

चाचणीसाठी टाकलेली एखादी ओळ राहिली असेल, म्हणून तिने ती पुसली. दुसऱ्या दिवशी ओळ परत तिथेच. तिने लॉग तपासले. कुणी काही टाकलं नव्हतं, तिच्याशिवाय कुणाकडे पासवर्डही नव्हता.

मग तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं आणि हलक्या आवाजात मोजायला लागली. पाळी चुकून अठरा दिवस झाले होते. याआधी दोनदा आशा लागून मोडली होती, म्हणून या खेपेला तिने पुष्करलाही सांगितलं नव्हतं. हिशोब चौदा मार्चपाशीच येत होता.

दाजी पडवीत सुपारी कातरत बसले होते.

"दाजी, तुमचा झाड नोंदणेत घेणा नाय."

"कोणाच्या नावार आसा ता?"

"नावच नाय. जन्मतारीख मात्र आसा. फुडल्या मार्चाची."

अडकित्ता थांबला. दाजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मगे ती काढू नको गो. रवांदे."

"आणि तुमचा?"

"माका खंय आता काजी खावच्यो आसत? तेचा तेका दी, बाये."

तिने दाजींची नोंद झाडाशिवायच जतन करून पाहिली. प्रोग्राम अडवणार, याची तिला खात्री होती. नोंद निमूट जतन झाली.

त्या आठवड्यापासून दाजी जेवेनासे झाले. डॉक्टरांनी सगळं तपासलं, सगळं नीट होतं. इकडे संचिताचं पोट दिसू लागलं आणि तिकडे त्यांची मनगटं बारीक होत गेली. तिने पुष्करला त्या ओळीबद्दल सांगितलं. "कोडात चूक असतली," तो म्हणाला. पण त्याच संध्याकाळी त्याने दाजींच्या नावाने नवं कलम लावलं. ते सुकलं. त्यानंतरची तीनही सुकली. त्याच वाफ्यातली बाकीची कलमं तरारली होती.

फेब्रुवारीत दाजींना कूस बदलायलाही आधार लागू लागला. तरी रोज दुपारी ते संचिताला जवळ बोलवायचे, तिच्या पोटाकडे तोंड करून हळूच विचारायचे, "बरा मा रे?"

चौदा मार्चला मालवणच्या दवाखान्यात मुलगी झाली. त्याच सकाळी घरी दाजी स्वतः उठून बसले आणि त्यांनी पेज मागितली.

बारशानंतर संचिताने गौरजा हे नाव भरायला नोंद उघडली. नाव भरलं. मग वर सरकून दाजींची ओळ पाहिली.

त्यांच्या रकान्यात शहाण्णव होता. गौरजाच्याही.

दोन्ही अटी जागच्या जागी होत्या. तिने चाचणी म्हणून सत्त्याण्णव नंबर आणखी एकाला द्यायचा प्रयत्न केला. प्रोग्रामने तिथल्या तिथे नाकारला.

चूक सुधारायची तर दोघांपैकी एकाचा नंबर काढायला हवा होता. तिचं बोट डिलीटच्या बटणावर टेकलं आणि तसंच राहिलं. तिने लॅपटॉप मिटला.

आतल्या खोलीत सामसूम होती. दाजी खाटेवर झोपले होते, त्यांच्या कुशीत गौरजा. दाजींचा हात तिच्या पाठीवर होता.

संचिता दारातच थांबली.

गौरजाची छाती वर आली, खाली गेली. दाजींची हलली नाही.

मग दाजींची वर आली, खाली गेली. गौरजा तेवढा वेळ निश्चल.

मग पुन्हा गौरजाची.

संचिता चौकट धरून उभी राहिली. त्या दोघांना हाक मारायचा तिला धीर झाला नाही.